नराला भुलवणारं फूल आणि आपल्या हरभऱ्यातला कामगंध सापळा

मागच्या डिसेंबरात बहिणीच्या शेतावर दोन दिवस राहिले. शेत बार्शीच्या अलीकडं. हरभऱ्याचे घाटे नुकते भरायला लागलेले. पिकाच्या वर फूट-दीड फुटावर, काठ्यांना कामगंध सापळे बांधलेले होते. सोलापूर जिल्ह्यात तूर-हरभरा करणाऱ्याला ते नव्यानं सांगायला नको. वर झाकण, झाकणाखाली बोटाच्या पेराएवढी रबरी गोळी, मधे नरसाळं आणि खाली लोंबणारी पॉलिथिनची पिशवी. आठवीतली भाची सकाळच्या उन्हात पिशवीची गाठ सोडून आतले पतंग मोजत होती. रोजचा आकडा वहीत मांडायचं काम तिच्याकडं आहे.

"नऊ," ती म्हणाली आणि लिहिलं. मग एक मेलेला पतंग तळहातावर घेऊन बघत बसली. मातकट रंगाचा, पंखावर पुसट डाग. "मावशी, आप्पा म्हणतात ह्यात नुसते नरच घावतात. मादी एकबी कशी काय येत नाही गं?"

तिच्या ह्या प्रश्नाचं उत्तर देता देता आम्ही बांधावरून निघून पार ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आलो. तो सगळा प्रवास इथं मांडते. जंगली ऑर्किडांमध्ये काही फुलं कीटकाचं सोंग घेतात, हे बहुतेकांनी कुठंतरी वाचलेलं असतं, फोटोही पाहिलेले असतात. पण ते सोंग नेमकं कसलं, हे फोटोतून कळत नाही. हरभऱ्यातल्या सापळ्यातून मात्र लगेच कळतं.

आधी सापळा. त्या रबरी गोळीत मादीचा वास भरलेला असतो. रात्री घाटे अळीची, म्हणजे हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या अळीची, मादी पतंग एका जागी बसून पोटाच्या टोकातून वास सोडते आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेनं त्या वासाचा माग काढत येतो. अंधारात, अख्ख्या शिवारात, डोळ्यांनी जोडीदार सापडणं शक्यच नाही. म्हणून सगळी भिस्त वासावर. हा वास म्हणजे कामगंध. गोळी तोच वास सोडते, नर येतो, नरसाळ्यातून घसरून पिशवीत पडतो. मादीला दुसऱ्या मादीच्या वासाशी काही देणंघेणं नसतं, म्हणून ती फिरकत नाही. शेतकरी हेक्टरी ५ सापळे लावतो ते मुख्यतः अंदाज घ्यायला. सलग दोन-तीन दिवस सापळ्यामागं ८ ते १० पतंग दिसायला लागले की समजायचं, अळी येतेय, आता हालचाल करायला हवी.

कामगंधाची रासायनिक ओळख जगात पहिल्यांदा पटली ती रेशमाच्या पतंगात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ बुटेनांट यांनी सुमारे ५ लाख मादी पतंग गोळा करून त्यांतून काही मिलिग्रॅम पदार्थ वेगळा केला आणि १९५९ साली त्याची रचना जाहीर केली. रेशीमकिड्याच्या शास्त्रीय नावावरून त्याला बॉम्बिकॉल म्हणतात. आज आपल्या जिल्ह्यातही तुतीची शेती आहे. रेशमाचा पतंग कोषातून बाहेर पडलेला पाहिला तर नराच्या डोक्यावरच्या कंगव्यासारख्या मिशांकडं नीट बघा. त्याचं नाक म्हणजे त्या मिशा.

हे सगळं सांगून झाल्यावर मी भाचीला म्हटलं, माणसाला ही युक्ती सुचून शंभर वर्षंही झाली नाहीत, पण एका फुलाला ती फार आधीपासून येते.

ऑर्किड म्हटलं की आपल्याला सह्याद्री आठवतो. गणपतीच्या सुमाराला कास पठारावर गेलेल्यांनी जमिनीतून वर आलेली आमरीची फुलं पाहिलेली असतात. पावसाच्या तोंडावर झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी हीसुद्धा ऑर्किडच. जगात ऑर्किडच्या २५ हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश जाती परागण करवून घेण्याच्या बदल्यात कीटकाला काहीही देत नाहीत. आपल्याला सवय आहे ती सरळ व्यवहाराची. बहर धरला की डाळिंबाच्या बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात, माशीला खाणं मिळतं, बागायतदाराला फळधारणा. पण ह्या ऑर्किडांपाशी मकरंद नसतो, खायला पराग नसतो. असतो तो फक्त चकवा.

त्यातला सर्वांत विलक्षण चकवा ऑफ्रिस नावाच्या ऑर्किडांचा. हे आपल्याकडं उगवत नाही. युरोप आणि भूमध्य समुद्राच्या भोवतालचा प्रदेश हे त्याचं घर. वीतभर उंचीचं झाड, दांड्यावर मोजकी फुलं. ऑर्किडच्या फुलात एक पाकळी बाकीच्यांपेक्षा वेगळी असते, खाली ओठासारखी पुढं आलेली. ऑफ्रिसमध्ये हा ओठ तपकिरी, फुगीर, मखमली केसांचा असतो आणि त्यावर चकाकणारी नक्षी असते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, फुलावर माशी बसलीय. 'आरसा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका जातीत तर ओठाच्या मधोमध निळाशार चकचकीत डाग असतो, मिटलेल्या पंखांवर आकाश चमकावं तसा.

चार्ल्स डार्विनना हे फूल माहीत होतं. ऑर्किडांच्या परागणावर त्यांनी १८६२ साली स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पण माशीसारखं दिसणारं हे ऑर्किड त्यांना उलगडलं नाही. इंग्लंडमध्ये त्यांनी पाहिलेलं मधमाशी-ऑर्किड स्वतःचंच परागण करून घेत होतं. परागाचे गोळे देठासकट वाकून त्याच फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग घेणाऱ्या भागावर, टेकत. मग हा एवढा देखावा कशासाठी? एका निरीक्षकानं लिहून ठेवलं होतं की माशी ह्या फुलावर 'हल्ला' करताना दिसते. डार्विननी ते वाक्य नोंदवलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं की ह्याचा अर्थ काय असेल, ह्याचा तर्क करता येत नाही. मला डार्विनबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो अशा जागी. उत्तर डोळ्यांपुढं होतं, 'हल्ला' ह्या शब्दाआड लपलेलं.

तो पडदा उचलला अल्जीरियातल्या एका न्यायाधीशानं. मोरिस-अलेक्झांद्र पूयान हे फ्रेंच गृहस्थ कोर्टाचं काम सांभाळून वर्षानुवर्षं ऑफ्रिसपाशी बसून राहिले. त्यांच्या लक्षात आलं की आरसा-ऑर्किडवर एकाच जातीची गांधीलमाशी येते आणि तीही फक्त नर. माद्या आसपास असल्या तरी फुलाकडं ढुंकून बघत नाहीत. नर फुलावर बसून काही खायच्या भानगडीत पडत नाही, ओठावर अंग टेकवून मादीशी करावी तशी धडपड करतो. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. ह्या जातीचे नर माद्यांच्या काही आठवडे आधी जमिनीतून बाहेर पडतात आणि फूल नेमकं त्याच मधल्या काळात फुलतं. खऱ्या माद्या बाहेर आल्या की नरांचा फुलातला रस कमी होतो. स्विस वनस्पतितज्ज्ञ आंरी कोरेव्हाँ यांच्यासोबत पूयाननी हे १९१६ साली छापलं. हल्ला नव्हता तो, मीलनाचा प्रयत्न होता.

पुढं १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियात एडिथ कोलमन यांनी हेच दुसऱ्या ऑर्किडवर आणि दुसऱ्या कीटकावर पाहिलं. मेलबर्नजवळ राहणाऱ्या ह्या पूर्वीच्या शिक्षिका. पहिल्यांदा ते त्यांच्या मुलीच्या नजरेला पडलं. जीभ-ऑर्किड म्हणतात त्या फुलात एक सडपातळ गांधीलमाशी उलटी, म्हणजे पोटाकडून शिरत होती. कोलमननी फुलं घरात आणून उघड्या खिडकीशी ठेवली, तर नर शोधत शोधत घरात आले. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. एक खिडकी आणि पाहणारे डोळे. १९४९ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियाचं निसर्ग-इतिहासाचं पदक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

खिडकीतून आत येणारा नर फूल बघून आला नव्हता. वासानं आला होता. आणि ह्या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथंच आहे.

बहुरूपी दारात येतो तेव्हा तो आपल्या डोळ्यांसाठी सोंग आणतो, टोपी, मिशा, काठी. आपण डोळ्यांवर जगणारे, म्हणून ऑफ्रिसचा फोटो पाहिला की आपल्याला वाटतं, माशीसारखा आकार, केस आणि रंग हेच त्याचं सोंग. पण नर माशीसाठी ती शेवटच्या दोन-चार बोटांच्या अंतरावरची गोष्ट आहे. दुरून तिला ओढून आणतो तो वास. दिसायला माशीशी फारसं साम्य नसलेली ऑर्किडंही नराला अशीच फसवतात, आणि ऑस्ट्रेलियातलं हुबेहूब उडत्या बदकासारखं दिसणारं ऑर्किड व्हॉट्सॲपवर फिरतं त्याचा बदकाशी काडीचाही संबंध नाही, तेसुद्धा नर कीटकालाच बोलावत असतं. बदक आपल्या डोळ्यांत आहे. फुलाला आपल्या डोळ्यांची पर्वा नाही.

वासाचा पुरावा रसायनशास्त्रानं १९९९ मध्ये दिला. फ्लोरियान शीस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातलं एक ऑफ्रिस आणि त्यावर येणारी ॲन्ड्रिना जातीची माशी निवडली. ही माशी पोळं करत नाही, एकेकटी राहते, जमिनीत बीळ खणते. संशोधकांनी मादी माशीच्या अंगावरची संयुगं तपासली, फुलाच्या ओठावरची तपासली. दोन्हींकडं तीच संयुगं, जवळपास त्याच प्रमाणात. मग ती संयुगं प्रयोगशाळेत एकत्र करून वास नसलेल्या नकली वस्तूंना लावली, आणि नर त्या वस्तूंशी मीलनाचा प्रयत्न करू लागले. बहिणीच्या शेतातली रबरी गोळी दुसरं काय करते?

आता खरा चमत्कार वाटावा अशी गोष्ट. ती संयुगं काही दुर्मीळ अत्तर नव्हती. ती मेणातली होती.

कीटकाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. झाडालाही तोच प्रश्न, म्हणून झाडाच्या अंगावरही मेणाचा थर. मंगळवेढ्याकडं ज्वारीच्या ताटावर बोट फिरवलं की पांढरी भुकटी बोटाला लागते, ते मेण. पंढरपूरच्या द्राक्षमण्यावर दिसणारी पांढुरकी झाक, तीही मेणच. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्यांनी हे मेण बनलेलं असतं. म्हणजे कच्चा माल फुलाच्या घरातच होता. कुठल्यातरी जुन्या पिढीत एखाद्या फुलाच्या मेणात साखळीची लांबी किंवा एखादा जोड जरा इकडंतिकडं झाला आणि योगायोगानं वास मादी माशीच्या अंगासारखा किंचित आला. किंचित फसलेला एखादा नर तिथं क्षणभर घुटमळला, पराग घेऊन गेला. त्या फुलाचं बी जास्त धरलं. पुढच्या पिढ्यांत ज्यांचा वास आणखी जवळचा, त्यांच्याकडं आणखी नर. हजारो पिढ्या हेच घडत गेलं. फुलानं काही ठरवलं नाही, माशी पाहिली नाही, नक्कल करायची इच्छा धरली नाही. "निसर्गाची करामत" म्हणून आपण पुढं सरकतो तेव्हा ही धीमी, आंधळी, पण अचूक निवड आपल्या हातून निसटते, आणि मला तर करामतीपेक्षा ती निवडच जास्त थक्क करते.

प्रमाणाचं महत्त्व किती, हे काळ्या तिखटावरून समजून घ्या. आमच्या गल्लीत प्रत्येक घरी काळं तिखट होतं. मिरची तीच, धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला तोच. तरी डब्याचं झाकण उघडल्यावर कुणाच्या घरचं ते कळतं, कारण हातचं प्रमाण वेगळं. घाटे अळीच्या मादीच्या कामगंधात मुख्य घटक दोन. त्यांचं प्रमाण साधारण ९७ ला ३. हिचीच एक चुलत जात तंबाखू आणि मिरचीवर जगते. तिच्यात तेच दोन घटक, पण प्रमाण उलटं. जो तिच्यात जास्त तो हिच्यात नाममात्र. एवढ्यावर दोन जाती एकमेकींच्या नरांना दूर ठेवतात. ऑफ्रिसचंही तसंच. मेणातल्या साखळीतला एक दुहेरी जोड दोन घरं सरकला की वास वेगळ्या माशीचा होतो आणि ते ऑर्किड वेगळ्या माशीचं होऊन जातं. कधी कधी नवी जात तयार व्हायची सुरुवात अशी होते. ऑस्ट्रेलियातल्या कायलोग्लॉटिस ह्या ऑर्किडानं तर अनेक घटकांचा घाट घातलाच नाही. तिथं एकच संयुग नराला पुरतं.

आता नर आला, ओठावर बसला. पुढचं काम पराग चिकटवण्याचं. साध्या फुलात पराग पिठासारखा सुटा असतो. ऑर्किडमध्ये तो गोळ्यात बांधलेला असतो, त्याला देठ असतो आणि देठाच्या तळाशी चिकट चकती. नराचं अंग चकतीला लागलं की अख्खा परागपुंज उपटून त्याला चिकटतो. डार्विननी दुसऱ्या एका ऑर्किडवर केलेला एक साधा प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी टोकदार पेन्सिल फुलात घातली. बाहेर काढली तेव्हा टोकावर परागपुंज उभा होता, शिंगासारखा. साधारण अर्ध्या मिनिटात तो आपोआप पुढं झुकला, आडवा झाला. उभाच राहिला असता तर पुढच्या फुलात भलतीकडं आपटला असता. आडवा झाल्यामुळं तो बरोबर कुक्षीवर टेकतो. आणि ह्या अर्ध्या मिनिटात कीटक त्या फुलावरून उडून दुसरीकडं गेलेला असतो. ऑफ्रिसच्या पुंजाला झुकायला ह्याहून जास्त वेळ लागतो, पण तत्त्व तेच.

ऑफ्रिसमध्ये आणखी एक बारकावा. ओठावरचे केस कुठल्या दिशेला वळलेत त्यावर नर कुठं तोंड करून बसणार हे ठरतं. काही जातींत त्याचं डोकं फुलाच्या आत, तर पराग डोक्याला चिकटतो. काहींत तो उलटा बसतो, पराग पोटाच्या टोकाला. डोळ्यांसाठी आहे असं वाटणारं ते मखमली रूप प्रत्यक्षात त्याच्या पायांसाठी आणि पोटासाठी आहे, हात फिरवून पारखावं तसं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं हातोडा-ऑर्किड ह्या सगळ्यांवर ताण आहे. तिथल्या एका गांधीलमाशीच्या मादीला पंख नसतात. ती जमिनीखाली राहते, वेळ आली की गवताच्या काडीवर चढून वास सोडत बसते. नर उडत येतो, तिला उचलतो आणि हवेतच घेऊन जातो. ड्राकिया नावाच्या ह्या ऑर्किडच्या काडीसारख्या दांड्यावर मादीच्या आकाराचा, काळपट, चकचकीत ओठ असतो, आणि तो एका बिजागरीवर बसवलेला असतो. नर येतो, ओठाला कवटाळतो, उचलायला जातो. उचललं तर जात नाही, पण त्याच्याच जोरानं बिजागरी फिरते आणि तो पाठीवर उलटा जाऊन फुलाच्या पराग असलेल्या भागावर आदळतो. पुंज पाठीला चिकटतो. थोड्या वेळानं तो दुसऱ्या हातोड्यावर असाच आदळला की काम झालं.

भाचीनं इथं मला थांबवलं. "मग तो नर एवढा येडा कसा काय? एकदा फसल्यावर परत कशाला जातोय?"

नर येडा नाही. तो काही आठवडेच जगतो. मादी दुर्मीळ, प्रत्येक मादीमागं कितीतरी नर. जो नर "खरी आहे का खोटी" म्हणून विचार करत बसेल त्याच्या आधी दुसरा पोचेल. थोडा उतावीळपणा त्याला परवडतो, जास्त सावधपणा परवडत नाही. आणि तो शिकतोही. एकदा फसलेला नर त्या नेमक्या वासाचं फूल लक्षात ठेवतो आणि टाळतो. गंमत अशी की ह्या शिकण्याचाही फुलाला फायदाच होतो. प्रत्येक झाडाचा वास किंचित वेगळा असतो. एकाला टाळून नर पुढच्या, वेगळ्या झाडावर जातो. मकरंद देणाऱ्या फुलात माशी एकाच झाडाच्या फुलाफुलांवर रेंगाळते, घरचाच पराग घरात फिरतो. इथं नाराज नर दूर जातो आणि पराग दुसऱ्या झाडाला पोचतो. जातीचं रक्त ताजं राहतं.

किंमत मोजावी लागतेच. फसवणाऱ्या ऑर्किडांमध्ये फळ धरण्याचं प्रमाण कमी असतं, सरासरीनं शंभर फुलांमागं विसाच्या आसपास. मकरंद देणाऱ्या ऑर्किडांत ते पस्तीसच्या पुढं जातं. पण एका परागपुंजात इतका पराग आणि एका बोंडात धुळीसारखी इतकी बियं, की एखादी भेट लागू पडली तरी भागतं.

परागण झाल्यानंतर फूल काय करतं, हे ऐकून मात्र भाची पतंग खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागली. ॲन्ड्रिनाची मादी एकदा मीलन करून पिलांसाठी घर बांधायला लागली की तिच्या अंगावर एक वेगळं संयुग वाढतं. नराला तो इशारा, आता मागं लागू नकोस. ऑफ्रिसचं फूल परागण झाल्यावर हेच संयुग जास्त सोडायला लागतं. म्हणजे बोलावणारा वास आणि परतवणारा वास, दोन्ही त्याच्याकडं आहेत. नर त्या फुलाला सोडून त्याच दांड्यावरच्या न फळलेल्या फुलाकडं वळतो.

इतकी नेमकी सांगड एका बाजूनं तुटायला वेळ लागत नाही. इंग्लंडमध्ये १८४८ पासून जपून ठेवलेले ऑर्किडचे आणि माश्यांचे जुने नमुने तारखांसह ताडून पाहिले गेले. वसंतातलं तापमान १ अंशानं वाढलं तर ऑर्किड सुमारे ६ दिवस लवकर फुलतं, नर माशी सुमारे ९ दिवस लवकर निघते आणि मादी सुमारे १५ दिवस. मादी आधीच बाहेर आली तर नर फुलाकडं कशाला जाईल? पूयाननी पाहिलेला तो मधला मोकळा काळ, ज्याच्या आधारावर फुलाचा सगळा संसार उभा आहे, तोच मिटत चाललाय. मार्चमध्येच चाळिशी गाठणाऱ्या आपल्यासारख्यांना १ अंश किरकोळ वाटतो, त्या फुलाला तो किरकोळ नाही.

सगळीच ऑर्किडं नराच्या मागं नसतात. हिमालयात ओढ्याकाठी वाढणारं एपिपॅक्टिस नावाचं एक ऑर्किड मादीला फसवतं, आणि त्यासाठी मावा वापरतं. मावा आपल्याला नवीन नाही. ज्वारीवर पडला की पानं चिकटतात, शेतकरी म्हणतो चिकटा पडला. त्या माव्यावर तुटून पडणारा मित्रकीटक म्हणजे सिरफिड माशीची अळी, म्हणून सिरफिडची मादी मावा असेल तिथंच अंडी घालते. धोका जाणवला की मावा एक इशाऱ्याचा वास सोडतो, आणि मादी त्यावरूनही मावा हुडकते. ह्या ऑर्किडच्या फुलावर माव्यासारखे काळे ठिपके असतात आणि फूल माव्याच्या त्या इशाऱ्यातली संयुगं सोडतं. मादी येते, पराग वाहते, अंडीही घालते. अळ्या निघतात तेव्हा तिथं खायला काही नसतं. चीनमधल्या हायनान बेटावरचं एक ऑर्किड मधमाशीचा धोक्याचा वास काढतं, मधमाश्या खाणाऱ्या गांधीलमाश्या त्यावर झेप घालतात.

"आपल्याकडं नाही का असं काही?" भाचीनं विचारलं. नराला भुलवणारं ऑफ्रिस नाही, पण वासानं फसवून आत घेणारं झाड बांधावरच होतं. किडामारी. काळ्या जमिनीत लोळणारी, हृदयाकृती पानांची वेल. पान चुरगळलं की उग्र वास येतो. एखाद-दुसरं फूल अजून शिल्लक होतं. काळपट जांभळ्या तोंडाचं, खाली बारीक नळी आणि बुडाशी छोटा फुगा. नखानं उभं चिरून तिला दाखवलं. नळीत आतल्या बाजूला वळलेले बारीक केस होते. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते, केस तिला आत जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत. फुग्यात ती अडकून पडते. आधी आणलेला पराग कुक्षीला लागतो, मग फूल स्वतःचा पराग तिच्या अंगावर पाडतं, आणि तो पडला की केस सुकतात, वाट मोकळी होते. माशी उडते ती दुसऱ्या किडामारीत पुन्हा फसायला. दाजी ते तण म्हणून दरवर्षी उपटतात. ह्याच वेलीवर गुलाब जातीच्या काळ्या-लाल फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, हे सांगितल्यावर बांधाचा तेवढा कोपरा राहू द्यायला ते तयार झाले.

संध्याकाळी सापळ्याच्या गोळ्या बदलायच्या होत्या. जुन्यांचा वास विरला होता. भाची लसूण सोलून उठली होती आणि तशीच नवी पुडी फोडायला निघाली. दाजींनी तिला परत पाठवलं. हाताला लसूण, कांदा, तंबाखू कशाचा वास असला तर गोळी वाया जाते, असं ते म्हणाले. तिनं साबणानं हात धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले. मग झाकणाखाली नवी गोळी बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत १४ होते. तिनं आकडा लिहिला आणि पुढं कंसात दोन शब्द घातले, सगळे नर.